संकेश्वरचं वळण

“सटुप्पा, आता आपण दवाखान्याच्या गेटातून बाहेर पडतोय. गेटाशी गटाराची जाळी आहे, एक दणका बसेल,” एस्तेर सिस्टर म्हणाल्या. दणका बसला. “झालं. आता डावीकडे वळतोय.”

मी त्यांच्याकडे बघतच राहिलो. ही बाई बोलतेय कुणाशी?

स्ट्रेचरवरचा माणूस पहाटेपासून हलला नव्हता. पापणीसुद्धा नाही. सटुप्पा गावडे, वय चौतीस, काजू कारखान्याच्या टेम्पोवर ड्रायव्हर. रात्री जमिनीवर अंथरूण टाकून झोपलेला, मण्यार चावली. चावलेलं कळलंच नाही. पहाटे पोटात दुखतंय म्हणून उठला, मग पापण्या मिटायला लागल्या, मग जीभ जड झाली, मग श्वास अडकायला लागला. चंदगडच्या छोट्या दवाखान्यात घशात नळी घालून त्याला मशीनवर घेतलं, सापाचं इंजेक्शन चढवलं. पण असा पेशंट आठवडा, कधी दोन-तीन आठवडे मशीनवर ठेवावा लागतो. तेवढी सोय तिथं नव्हती. म्हणून कोल्हापूर, आणि म्हणून आमची अँब्युलन्स.

सात वर्षं झाली याला. मी तेवीसचा होतो. नर्सिंगचा डिप्लोमा होता, पण व्हेंटिलेटर, मॉनिटर, औषधाचे पंप हे सगळं मोबाईलवर व्हिडिओ बघून शिकलेलो. शिकवणारं कुणी नव्हतंच. रात्र-रात्र जागून वहीत चित्रं काढायचो. खरं सांगतो, गाडीवर दुसराच महिना होता आणि मला वाटायचं मला सगळं येतं.

एस्तेर सातपुते सिस्टर चोपन्नच्या. सोळा वर्षं अँब्युलन्सवर. बारीक अंगाच्या, केसांना घट्ट नेट, आणि घाई म्हणून नाही. चंदगडातून निघायच्या आधी त्यांनी सटुप्पाला आमच्या व्हेंटिलेटरवर घेतलं आणि पंधरा मिनिटं पलंगाजवळ नुसत्या उभ्या राहिल्या. त्याचा थोरला भाऊ गुंडू भडकला. “आवं, कशाला थांबलाय? माणूस मरायलाय आमचा!”

“आपल्या मशीनशी त्याचं जमतंय का ते इथं कळू दे, गुंडूभाऊ,” सिस्टर म्हणाल्या. “रस्त्यात कळलं तर रस्त्यात कुठं पळणार?”

गुंडू धुमसत पुढं ड्रायव्हरच्या शेजारी बसला. ड्रायव्हर बाबालालमामा. त्यांच्या आणि आमच्या मधे एक सरकती काच होती. ती उघडी होती, हे मला आठवायला हवं होतं.

माझं काम दर दहा मिनिटांनी कागदावर आकडे लिहायचे. नाडी, प्रेशर, ऑक्सिजन. आणि अर्ध्या तासाने डोळे बघायचे. मी पापण्या उचलल्या, टॉर्च मारला. बाहुल्या पार पसरलेल्या. उजेड टाकला, ढिम्म. दुसरा डोळा, तेच. प्रत्येक व्हिडिओत एकच सांगितलेलं असतं, असे डोळे म्हणजे मेंदू संपला.

“सिस्टर,” मी म्हटलं, आणि जरा रुबाबातच म्हटलं, “दोन्ही बाहुल्या फिक्स आहेत. गेलाय हा. आपण नुसती मशीन घेऊन चाललोय.”

सिस्टरनी माझ्या हातातला टॉर्च काढून घेतला. सटुप्पाच्या डोळ्यांत मलम घातलं, पापण्या मिटवल्या, वर हलकी चिकटपट्टी लावली. मग त्याच्या कानाशी वाकल्या. “सटुप्पा, उजेड टाकला तो दिग्विजय. नवीन आहे. त्याला अजून पुष्कळ कळायचंय.”

मला राग आला. आणि त्याच वेळी मधल्या काचेवर थापा पडल्या.

“गाडी थांबवा! थांबवा म्हटलं न्हवं!”

नेसरीच्या अलीकडे बाबालालमामांनी गाडी उसाच्या कडेला घेतली. गुंडू उतरून मागं आला, दार उघडलं. हातात फोन. डोळे लाल.

“फिरवा माघारी.”

“काय झालं?” सिस्टर म्हणाल्या.

“ह्यो डॉक्टर बोललाय ते ऐकलंय मी. गेलाय म्हणतोय. मग कोल्हापूरला मढं नेऊन काय करू? आईला फोन केलाय. घरला आणतोय म्हणून सांगून झालंय.” त्याचा आवाज फाटला. “आमच्यात माणूस घरच्या उंबऱ्याच्या आत जातोय, बाई. रस्त्यात न्हाई. घरला नेऊ, आईच्या मांडीवर डोकं ठेवू, मग काढा ती नळी.”

मी बोललेलं एक वाक्य चंदगडातल्या एका घरात पोचलं होतं आणि तिथं एव्हाना रडारड सुरू झाली होती.

“तो डॉक्टर नाही,” सिस्टर शांतपणे म्हणाल्या. “आणि तुम्ही थोरले. तुम्ही सही केली तर मला गाडी फिरवावी लागेल. पण आधी विचारा.”

“कुणाला?”

“सटुप्पाला. जीव त्याचा आहे.”

गुंडू त्यांच्याकडे वेड्यासारखा बघायला लागला. मीही. आणि मान वळवताना माझी नजर मॉनिटरवर गेली. नाडी एकशे अठ्ठावीस. गाडी उभी होती, खड्डे नाहीत, काही नाही, तरी एकशे अठ्ठावीस. मी माझा कागद उचलला. अकरा वाजता ब्याण्णव. अकरा दहाला ब्याण्णव. अकरा वीसला एकशे एकवीस. तो आकडा लिहिताना मला वाटलेलं, खड्ड्यानं झालं असेल. अकरा वीसच्या दोनच मिनिटं आधी मी म्हणालो होतो, गेलाय हा.

“सिस्टर,” मी हळूच म्हटलं, “हा ऐकतोय?”

“मण्यारीचं विष स्नायू बंद करतं. हाताचे, छातीचे, डोळ्यातल्या बाहुलीचेसुद्धा. डोकं नाही बंद करत,” त्या म्हणाल्या. “तुझ्या व्हिडिओत मण्यार नसेल.”

“मग आधी का नाही सांगितलंत?”

“मी सकाळपासून दुसरं काय करतेय?” त्या गुंडूकडे वळल्या. “दहा मिनिटं द्या. कधीकधी सगळं बंद होत नाही. कुठंतरी एखादा बारीक स्नायू चालू राहतो. दिग्विजय, शोध.”

आम्ही शोधायला लागलो. सिस्टर कपाळापासून, मी हातापासून. “सटुप्पा, भुवई उचल.” नाही. “ओठ हलव.” नाही. मी एकेका बोटाखाली माझं बोट धरून विचारत गेलो. दहाही बोटं थंड, जड. गुंडू दाराशी उभा राहून म्हणाला, “कशाला हाल करताय त्याचं?” सहा मिनिटं झाली. मी पायावरची चादर काढली. टाचा भेगाळलेल्या. उजवा पाय, काही नाही. डाव्या पायाचा अंगठा... मला वाटलं भास झाला. मी त्याखाली बोट धरलं.

“दादा, ऐकू येत असेल तर परत.”

अंगठा माझ्या बोटावर टेकला. मुंगी चालावी तेवढाच.

“हलला!” मी ओरडलोच.

“गाडीचं इंजिन हाय ते,” गुंडू म्हणाला. “गाडीच थरथरायलीय.”

बाबालालमामांनी पुढून किल्ली फिरवून इंजिन बंद केलं. एकदम शांत झालं. फक्त व्हेंटिलेटरचा श्वास, आत, बाहेर. सिस्टरनी गुंडूला वर घेतलं, त्याचा हात धरून बोट अंगठ्याखाली ठेवलं. “हो असेल तर हलवेल. नाही असेल तर गप्प राहील. विचारा.”

गुंडू अंगठ्याकडे बघत राहिला. शेवटी म्हणाला, “सट्या... घरला जायचं?”

आम्ही थांबलो. मी मनात वीसपर्यंत मोजलं. काही नाही.

“कोल्हापूरला?”

गुंडूचा चेहरा बघितला आणि मला विचारायची गरज पडली नाही. तो तिथंच पायरीवर बसला, फोन लावला. “आई, रडू नको. न्हाई, न्हाई, ऐक. हाय तो. मी चुकलो. मी चुकलो गं.”

गाडी पुढं निघाली. आता मी स्ट्रेचरच्या पायाशी, बोट अंगठ्याखाली. सिस्टर डोक्याशी. आणि मला काय झालं माहीत नाही, प्रश्न सुटायलाच लागले. तहान लागलीय? हो. सिस्टरनी ओल्या कापसानं ओठ पुसले. पाठ दुखते? हो. पाठीखाली चादरीची घडी गोळा झाली होती, ती सरळ केली. बरं वाटलं? हो. माणूस आत बसलाय आणि एवढ्याशा फटीतून उत्तर देतोय! मला थांबवेना.

“बाबालालमामा गाडी चांगली चालवतात का?”

अंगठा गप्प.

“काय म्हणतोय?” मामांनी पुढून विचारलं.

“नाही म्हणतोय.”

“टेम्पोवाले सगळे असलेच,” मामा म्हणाले. “दिग्या, असलं काही विचारत जाऊ नको.”

पहिल्यांदा गुंडू हसला. नाडी ब्याण्णववर आली होती. सिस्टरचं चालूच होतं. इथं गतिरोधक आहे. आता उजवीकडे वळतोय. आता गडहिंग्लज. आणि मग, “सटुप्पा, संकेश्वर आलं. हायवेला लागतोय, डावीकडे वळतोय.”

गाडी वळली. वळण संपायच्या आत मॉनिटर ओरडायला लागला. नाडी एकशे बेचाळीस.

सिस्टर उठल्याच. नळी ओठाशी बावीसच्या खुणेवर आहे ना? आहे. कुठं पीळ पडलाय? नाही. गाडीच्या आवाजात स्टेथोस्कोप कामाचा नाही, म्हणून त्यांनी दोन्ही तळहात छातीवर ठेवले. दोन्ही बाजू सारख्या उचलतायत. सिलिंडर भरलेला. ऑक्सिजन अठ्ठ्याण्णव. प्रेशर मात्र एकशे सत्तर.

“विचार त्याला.”

“दुखतंय?” गप्प. “श्वास कमी पडतोय?” गप्प. “उलटी होतेय?” गप्प.

“भीती वाटतेय?” सिस्टरनी विचारलं.

अंगठा माझ्या बोटावर दाबला गेला. आत्तापर्यंतच्यापेक्षा जोरात.

“कसली?” मी विचारलं. मूर्खपणा. हो किंवा नाही, यापलीकडे त्या अंगठ्याला बोलता येत नव्हतं.

“घाबरू नको,” सिस्टर त्याच्या कानाशी म्हणाल्या. “तासाभरात कोल्हापूर.”

एकशे अठ्ठेचाळीस. वाढली! धीर दिला तर वाढली. मी सिस्टरकडे बघितलं, त्या माझ्याकडे. त्यांनी कोल्हापूरच्या डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, झोपेचं औषध द्या थोडं. सिस्टरनी सिरिंज भरली आणि हातात धरून थांबल्या.

“सटुप्पा, झोपेचं औषध देऊ?”

अंगठा गप्प. त्यांनी परत विचारलं. गप्पच.

“नाही म्हणतोय,” मी म्हटलं.

त्यांनी सिरिंज परत ठेवली. पुढं सरळ हायवे. वळण नाही, सांगण्यासारखं काही नाही. सिस्टर त्याच्या कपाळावर हात ठेवून बसल्या. नाडी खाली येईना. मी कागदावर लिहिलं, संकेश्वर, १४२, कारण? पुढं मोठं प्रश्नचिन्ह. एवढ्यात पुढं गुंडूनं घरी फोन केला. “आई, कागल सोडलं बघ. आता कोल्हापूर काय, पंधरा मिनिटं.”

एकशे अठरा. एकशे चार. सत्त्याण्णव. आम्ही काहीच केलं नव्हतं.

कोल्हापूरला आयसीयूत त्याला सोपवताना सिस्टर मागं सरकल्या आणि मला म्हणाल्या, तू सांग. मी आकडे सांगितले नाहीत आधी. म्हटलं, “पेशंट जागा आहे. सगळं ऐकतो. डाव्या पायाचा अंगठा. आणि गाडीत मी त्याच्यासमोर चुकीचं बोललोय, तेही लिहून घ्या.”

पण तो आकडा माझ्या डोक्यातून जाईना. डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, मण्यारीच्या विषात नाडी अशा उड्या मारतेच, त्यात काय शोधायचं? बरोबर असेल. पण संकेश्वरलाच का चढली आणि कागललाच का उतरली? कोल्हापुरात गाडी मोकळी असली की मी आयसीयूच्या दाराशी जाऊन यायचो. पाचव्या दिवशी त्याची बोटं हलली. दहाव्या दिवशी डोळे उघडले. एकोणिसाव्या दिवशी तो वॉर्डात उशीला टेकून पेज पीत होता. आवाज घोगरा, पण आवाज.

मी आधी माफी मागितली. जे बोललो होतो ते शब्द तसेच परत उच्चारून मागितली.

“व्हय, तुम्हीच न्हवं ते,” तो म्हणाला. “आवाज वळखला. जाऊ द्या. मलाबी तसंच वाटायलंतं, की मी गेलोय बहुतेक.”

“एक विचारू? संकेश्वरला एवढे का घाबरलात?”

त्यानं पेजेची वाटी खाली ठेवली. “ती बाई खोटं बोलायली.”

“एस्तेर सिस्टर?”

“डावीकडं म्हणायची आणि गाडी उजवीकडं वळायची. उजवीकडं म्हणायची आणि डावीकडं. चंदगडापास्नं प्रत्येक वळण उलटं. म्हटलं, मला वाटंला लावायलेत, गोड बोलून फसवायलेत. मग संकेश्वर आलं. नऊ वर्षं त्या रस्त्यानं टेम्पो मारतोय मी. डावीकडं कोल्हापूर, उजवीकडं बेळगाव. बाई म्हणाली डावीकडं आणि गाडी वळली उजवीकडं.” तो थांबला, धाप लागली होती. “बेळगाववरनं शिनोळी, शिनोळीवरनं चंदगड. म्हटलं, गुंड्यानं फिरवली गाडी. घरला नेऊन नळी काढणार. आणि तुम्ही वर विचारायलाय, झोपेचं औषध देऊ का.”

“मग कागलला?”

“गुंड्या माझ्याशी खोटं बोलंल. आईशी न्हाई बोलायचा.”

“पण दादा, गाडी डावीकडेच वळली होती. आपण इथंच आलो ना!”

“त्येच कळंना मला अजून,” तो म्हणाला. “पडून होतो, पण डावं-उजवं कळत न्हाई व्हय ड्रायव्हरला?”

मी खाली पार्किंगला गेलो. गाडीचं मागचं दार उघडून बराच वेळ बघत उभा राहिलो. मग आत चढलो आणि स्ट्रेचरवर आडवा झालो. डोकं ड्रायव्हरकडे, पाय दाराकडे. पेशंट कायम असाच असतो. मी दोन्ही हात पसरले. डावा हात कुठल्या बाजूला गेला ते बघितलं. बाहेर बाबालालमामा बिडी ओढत होते, त्यांना हाक मारून, डाव्या हातानं त्या बाजूचा पत्रा वाजवत विचारलं, “मामा, ही गाडीची कुठली बाजू?”

“उजवी. का, चढली काय तुला?”

सिस्टरना सांगितलं तेव्हा त्या हसल्या. “माणूस घाबरलेला होता, दिग्विजय. अशा वेळी काहीही भास होतात.”

मी वाद घातला नाही. आठवड्याने गडहिंग्लजला एका आजोबांना घरी सोडून आम्ही रिकामे परत येत होतो. दुपारची वेळ. संकेश्वर जवळ आलं तसं मी म्हटलं, “सिस्टर, दोन मिनिटं इथं झोपता?”

“कुठं? स्ट्रेचरवर? माझी वेळ आली नाही अजून.”

“दोनच मिनिटं. डोळे मिटून.”

त्यांनी माझ्याकडे रोखून बघितलं. मग चपला काढल्या, साडी आवरली आणि झोपल्या. मी पट्टे लावले, तीनही, पेशंटला लावतो तसे. त्यांनी डोळे मिटले.

“सिस्टर, संकेश्वर आलं,” मी म्हटलं. “डावीकडे वळतोय.”

मामांनी गाडी वळवली. सिस्टरचा हात पटकन कडेच्या दांडीवर गेला. “अरे, उजवीकडे...” आणि त्यांनी डोळे उघडले. वर छताकडे बघत राहिल्या. मी पट्टे सोडायला हात पुढं केला, तर त्यांनी मानेनं नको म्हटलं.

“सोळा वर्षं,” त्या म्हणाल्या. “कितीजणांना सांगितलं असेल मी. जागे होते त्यातले किती, देव जाणे.” मग पुढं हाक मारली. “बाबालाल, पुढच्या पुलाखालून फिरवून आणा गाडी. परत घ्या ते वळण.”

मामांनी गाडी फिरवली. आम्ही परत संकेश्वरात आलो, परत हायवेच्या तोंडाशी. सिस्टरनी डोळे मिटून घेतले होते.

काय म्हणायचं ते मी ठरवलं नव्हतं. तोंडाला आलं ते म्हटलं. “सिस्टर, संकेश्वर आलं. आता कोल्हापूरकडे वळतोय.”

गाडी वळली. त्यांचा हात पोटावरच राहिला.

“पुढं कुठलं गाव?” त्यांनी विचारलं.

“निपाणी.”

“सांगत राहा,” त्या म्हणाल्या, आणि कोल्हापूर येईपर्यंत तशाच डोळे मिटून पडून राहिल्या.